दिव्याची वेळ : मल्लखांबाचे छायाचित्रण आणि परवडणारे फ्लॅश-ट्रिगर

सुमारे अडीच मीटर उंचीच्या मल्लखांबाच्या बोंडावरून मुलाने खाली उडी घेतली, तर गादीला पाय टेकण्याच्या क्षणी त्याच्या शरीराचा वेग सेकंदाला सुमारे सात मीटर झालेला असतो. शाळेत शिकलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रातून हा आकडा कोणालाही काढता येईल. कॅमेऱ्याचे शटर त्या वेळी सेकंदाच्या १/२५० भागापुरतेच उघडले, तरी तेवढ्या अवधीत ते शरीर जवळजवळ तीन सेंटिमीटर सरकते. डोळे, नाक आणि ओठ एकमेकांत मिसळून जाण्यास तीन सेंटिमीटर पुरेसे आहेत. आपल्या मुलांच्या मल्लखांबाची जी छायाचित्रे घराघरांत आणि संस्थांच्या कार्यालयांत लावलेली दिसतात, त्यांत बहुधा 'पताका'सारखी स्थिर आसनेच का असतात, याचे उत्तर या साध्या गणितात आहे. दसरंग, फरारे आणि शेवटची उडी, म्हणजे ज्यात खेळाडूचे खरे कसब दिसते तो भाग, चित्रात पुसट येतो म्हणून टाकून दिला जातो.

माळव्यातील मराठी माणसाला मल्लखांबाची ओळख करून देण्याची गरज नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला नवे रूप दिले, ती येथील आखाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली. २०१३ साली मध्य प्रदेश शासनाने मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून घोषित केले आणि २०२० साली उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. खेळाला मान मिळाला. परंतु तो खेळणारी बहुतेक मुले साधारण परिस्थितीतील घरांतून येतात. वर्तमानपत्रास, शिष्यवृत्तीच्या अर्जास किंवा एखाद्या देणगीदारास दाखवावे असे एकही चांगले छायाचित्र त्यांच्यापाशी नसते. आपल्या मंडळातील बरेच सदस्य हौसेने छायाचित्रण करतात आणि अनेकांच्या घरी उत्तम कॅमेरे आहेत. त्यांना या मुलांसाठी काही करता येण्याजोगे आहे, आणि त्यास फार खर्चही लागत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख. कोणता ट्रिगर घ्यावा, हा प्रश्न त्यात मध्यवर्ती आहे. मात्र त्याचे उत्तर दुकानात शोधण्यापूर्वी प्रकाशाचे काम कसे चालते, हे समजून घ्यावे लागते.

हालचाल कोण थांबवते?

सर्वसाधारण आखाड्यातील किंवा सभागृहातील उजेड असा असतो, की १६०० आयएसओ आणि एफ/२.८ छिद्र ठेवले असता योग्य चित्रासाठी सुमारे १/६० सेकंद लागतो. आयएसओ १२,८०० पर्यंत वाढवला, तर १/५०० सेकंदापर्यंत पोहोचता येते. पण तेव्हाही उडी घेणारे मूल सुमारे दीड सेंटिमीटर सरकते आणि चित्रात कण उमटतात ते वेगळेच.

फ्लॅशचा मार्ग निराळा आहे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात विद्युत-फ्लॅशवर जे काम केले, त्याचे मर्म असे, की काळोखात शटर कितीही वेळ उघडे असले तरी चित्र उमटते ते फक्त दिवा चमकण्याच्या अवधीत. दुधाचा थेंब पडून उठलेल्या मुकुटाचे त्यांचे १९५७ चे छायाचित्र आणि सफरचंदातून आरपार जाणाऱ्या गोळीचे १९६४ चे छायाचित्र याच तत्त्वावर घेतलेले आहे.

हेच तत्त्व आपल्या हातातील लहान फ्लॅशलाही लागू पडते. शिवाय एक गोष्ट आपल्या फार सोयीची आहे: फ्लॅशची शक्ती कमी केली की त्याच्या चमकण्याचा अवधीही कमी होतो. निकॉनच्या एसबी-८०० या एके काळच्या प्रसिद्ध फ्लॅशच्या माहितीपुस्तिकेत पूर्ण शक्तीला १/१०५०, एक-अष्टमांश शक्तीला १/५९०० आणि एक-बत्तिसांश शक्तीला १/१७,८०० सेकंद असे आकडे दिले आहेत. उत्पादकांचे हे आकडे प्रकाशाच्या तीव्र भागापुरते असतात आणि प्रत्यक्षातील शेपूट थोडी लांब असते. तरीही १/५९०० सेकंदात उडी घेणारे मूल केवळ सव्वा मिलिमीटर सरकते. म्हणजे क्रियेचे छायाचित्र घेण्यासाठी मोठा आणि महाग फ्लॅश पूर्ण शक्तीने वापरण्याऐवजी दोन लहान फ्लॅश थोड्या शक्तीवर वापरणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते.

याचा प्रत्यक्ष हिशेब असा. वर सांगितलेल्या सभागृहात आपण १/२५० सेकंद, एफ/४ आणि ८०० आयएसओ ठेवले, तर खोलीतील उजेड चार स्टॉपने, म्हणजे सोळाव्या हिश्शाने, कमी पडतो. फ्लॅशविना घेतलेले चित्र जवळजवळ काळे येते आणि तसेच ते यावे लागते. कारण खोलीतील उजेड जितका अधिक नोंदला जाईल, तितकी फ्लॅशने गोठवलेल्या आकृतीभोवती पुसट सावली दिसेल. याच मांडणीत एसबी-८०० च्या तोडीचा फ्लॅश ३५ मिलिमीटर झूमवर, एक-बत्तिसांश शक्तीने, पावणेपाच मीटर अंतरावरील खेळाडूस पुरेसा उजळतो. दोन बाजूंनी दोन फ्लॅश असल्यास काम अधिक सुलभ होते.

फ्लॅश कॅमेऱ्यावर का नको?

कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅश समोरून सपाट प्रकाश टाकतो. एरंडेल लावलेला खांब आणि घामेजलेले शरीर त्यात चकाकते, स्नायूंचा उठाव नाहीसा होतो आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. याहून महत्त्वाचे कारण मुलाच्या डोळ्यांचे आहे; त्याकडे पुढे येऊ. फ्लॅश बाजूला आणि उंचावर, अडीच-तीन मीटरच्या स्टँडवर ठेवला, की हे सारे दोष एकदम दूर होतात. अमेरिकेतील बास्केटबॉलच्या मोठ्या सभागृहांत छायाचित्रकार छतालगतच्या पुलांवर फ्लॅश बांधतात आणि ते रेडिओने चालवतात, ते याचसाठी.

आता कॅमेरा एका ठिकाणी आणि फ्लॅश दुसऱ्या ठिकाणी असला, तर शटर उघडल्याचा निरोप फ्लॅशपर्यंत पोहोचवणारा कोणीतरी हवा. तो निरोप्या म्हणजे ट्रिगर.

निरोप पोहोचवण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग तारेचा. तो स्वस्त आणि खात्रीचा. पण मुले धावत येऊन खांबावर झेप घेतात अशा जागी जमिनीवर तार टाकणे धोक्याचे आहे. तो वर्ज्यच समजावा.

दुसरा 'ऑप्टिकल स्लेव्ह'चा. एक फ्लॅश चमकला की त्याचा प्रकाश पाहून दुसरा चमकतो. पुष्कळ फ्लॅशमध्ये ही सोय अंगभूत असते, म्हणून तो जवळजवळ फुकट पडतो. अडचण अशी, की प्रेक्षकांतील कोणाही कॅमेऱ्याच्या फ्लॅशने आपला फ्लॅश चमकून रिकामा होतो. स्पर्धेच्या वेळी हा मार्ग निरुपयोगी ठरतो आणि खेळाडूच्या दृष्टीने तर अयोग्यच; कारण प्रकाश केव्हा पडणार, यावर कोणाचाच ताबा राहत नाही.

तिसरा अवरक्त किरणांचा. कॅननचा एसटी-ई२ आणि निकॉनचा एसयू-८०० ही त्याची परिचित उदाहरणे. ट्रान्समीटर आणि फ्लॅश यांच्यामध्ये थेट दृष्टीरेषा लागते. मध्ये पंच किंवा प्रशिक्षक उभे राहिले की निरोप तुटतो आणि उन्हात त्याचा पल्ला फारच कमी होतो.

चौथा रेडिओचा. अडथळ्यापलीकडे, कोपऱ्याआड आणि उन्हातही तो चालतो. दीर्घ काळ या क्षेत्रात अमेरिकेतील पॉकेटविझार्डचे नाव प्रमाण मानले जात असे, परंतु हौशी माणसाच्या खिशाला ते झेपणारे नव्हते. पुढे चीनमधील शेन्झेन येथील योंगन्युओ आणि गोडॉक्स या कंपन्यांनी २.४ गिगाहर्ट्झचे स्वस्त ट्रिगर बाजारात आणले आणि चित्र पालटले. आपल्या कामासाठी निवड करायची ती या चौथ्या प्रकारातच.

काय हवे, काय नको

औषध लिहिताना रुग्णास काय आवश्यक आहे आणि कशावाचून चालेल, हे आपण प्रथम ठरवतो. ट्रिगरचेही तसेच आहे. दुकानदार ज्या गुणांचे वर्णन अधिक उत्साहाने करतो, त्यांपैकी दोन गुण आपल्या कामास लागत नाहीत.

पहिला 'टीटीएल', म्हणजे कॅमेऱ्याने फ्लॅशची शक्ती स्वतः ठरवणे. त्यासाठी मुख्य चमकेच्या आधी फ्लॅश एक लहान पूर्वचमक सोडतो आणि परत आलेला प्रकाश कॅमेरा मोजतो. लग्नसमारंभात छायाचित्रकार सतत फिरत असतो, तेथे ही सोय मोलाची आहे. मल्लखांब मात्र जमिनीत पुरलेला असतो. खांब हलत नाही, स्टँड हलत नाहीत. त्यामुळे फ्लॅश ते खेळाडू हे अंतर फारसे बदलत नाही. एकदा हाताने शक्ती ठरवली की ती संध्याकाळभर पुरते. उलट काळी पार्श्वभूमी किंवा पांढरी भिंत यांमुळे टीटीएलचा अंदाज प्रत्येक चित्रात चुकत राहतो. शिवाय प्रत्येक चित्रामागे मुलावर दोनदा प्रकाश पडतो.

दुसरा 'हाय-स्पीड सिंक'. पडद्यांच्या शटरमध्ये एका ठरावीक वेगापर्यंतच संपूर्ण चौकट एकाच वेळी उघडी असते. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या आसपास असते. त्यापुढे दोन पडद्यांमधील चीर सरकत जाते आणि साधा फ्लॅश लावल्यास चित्राचा एक भाग काळा राहतो. हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एकाच झटक्याऐवजी अतिशय जलद स्पंदनांची मालिका सोडून ही अडचण दूर करतो. पण त्यात शक्ती बरीच खर्ची पडते आणि हालचाल थांबवण्याचे काम पुन्हा शटरकडे जाते. भर उन्हात मैदानावर, आकाश गडद ठेवून खेळाडू उजळायचा असेल, तर ही सोय उपयोगी आहे. मंद सभागृहात तिचा लाभ नाही. आणि मैदानावर ऊन चांगले असेल, तर कबड्डी किंवा खो-खोसाठी फ्लॅशच लागत नाही. १/२००० सेकंदाचे शटर पुरते.

आता जे हवे ते. पहिली गोष्ट खात्रीची. शंभर वेळा बटण दाबल्यास शंभर वेळा फ्लॅश चमकला पाहिजे. दुसरी, निरोपाला लागणारा विलंब कमी असावा. काही स्वस्त ट्रिगर इतका उशीर करतात, की कॅमेऱ्याच्या कमाल सिंक-वेगावर चित्राच्या कडेला काळी पट्टी येते. अशा वेळी १/२०० किंवा १/१६० वर उतरावे. अंधाऱ्या सभागृहात त्याने फारसे बिघडत नाही. तिसरी गोष्ट, फ्लॅशची शक्ती कॅमेऱ्यापाशी बसून बदलता यावी. स्पर्धा चालू असताना तीन मीटर उंचीच्या स्टँडपाशी जाऊन फ्लॅश खाली उतरवणे शक्यही नसते आणि उचितही नसते. थोडे अधिक पैसे मोजायचे असतील, तर ते या तिसऱ्या सोयीसाठी मोजावेत.

तीन प्रकारची खरेदी

ज्यांच्या घरी जुना फ्लॅश पडून आहे, त्यांनी योंगन्युओ आरएफ-६०३ सारखी साधी जोडी शोधावी. यातील प्रत्येक नग निरोप देऊही शकतो आणि घेऊही शकतो, त्यामुळे सुट्या भागांचा गोंधळ होत नाही. १६ चॅनेल असतात. मात्र शक्ती फ्लॅशवरच जाऊन बदलावी लागते. केवळ सरावाच्या वेळी छायाचित्रे घेणाऱ्यास हे पुरेसे आहे.

येथे एक इशारा. जुन्या काळच्या काही फ्लॅशमध्ये, उदाहरणार्थ व्हिव्हिटार २८३ च्या आरंभीच्या नगांत, ट्रिगरच्या टोकांवर दोनशे व्होल्टहून अधिक दाब आढळतो. असा फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर सरळ बसवू नये. तो रिसीव्हरला जोडला तर कॅमेरा सुरक्षित राहतो, पण रिसीव्हर जळू शकतो. मल्टिमीटर लावून आधी मोजून घ्यावे.

नव्याने आरंभ करणाऱ्यांना माझी शिफारस दुसऱ्या प्रकाराची आहे: ज्याच्या पोटातच रेडिओ-रिसीव्हर आहे असा, हाताने शक्ती ठरवण्याचा फ्लॅश. गोडॉक्सचा टीटी-६०० हा या जातीचा. त्याच कंपनीचा एक्स-२टी किंवा एक्स-प्रो ट्रान्समीटर कॅमेऱ्यावर बसवला, की प्रत्येक फ्लॅशची शक्ती जागेवरून बदलता येते. ३२ चॅनेल असल्याने शेजारच्या छायाचित्रकाराशी गोंधळ होण्याचा संभव कमी. ट्रान्समीटर घेताना आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी बनवलेलाच मागून घ्यावा. पुढे कॅमेरा बदलला तर ट्रान्समीटर तेवढा बदलावा लागतो. स्टँडवरचे फ्लॅश तेच राहतात. असे दोन फ्लॅश, एक ट्रान्समीटर आणि दोन स्टँड यांचा एकत्रित खर्च क्रीडा-छायाचित्रणात वापरल्या जाणाऱ्या ७०-२०० मिलिमीटर, एफ/२.८ लेन्सच्या किमतीपेक्षा पुष्कळच कमी आहे.

तिसरा प्रकार टीटीएल आणि लिथियम बॅटरी असलेल्या फ्लॅशचा. लग्ने, संमेलने आणि खेळ अशी सगळीच कामे ज्यांना करायची आहेत, त्यांनी तो घ्यावा. केवळ मल्लखांबासाठी तो आवश्यक नाही.

कोणताही संच घेतला तरी सभागृहात जाण्यापूर्वी घरी परीक्षा घ्यावी. फ्लॅश वीस पावलांवर ठेवून, मध्ये एका माणसास उभे करून, शंभर चित्रे काढावीत आणि किती वेळा फ्लॅश चुकला ते मोजावे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसांची गर्दी म्हणजे रेडिओच्या दृष्टीने पाण्याची भिंतच. म्हणून रिसीव्हर नेहमी प्रेक्षकांच्या डोक्यांपेक्षा उंच असावा. वायफाय आणि ब्लूटूथ हेही याच पट्ट्यात चालतात, तेव्हा निरोप चुकू लागल्यास प्रथम चॅनेल बदलून पाहावे. सेल पुनर्भारित होणारे, निकेल-मेटल-हायड्राइडचे घ्यावेत. फ्लॅशची आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करून ठेवावी. सदोष समजले जाणारे पुष्कळ ट्रिगर वस्तुतः निर्दोष असतात. दोष उतरलेल्या सेलांचा किंवा झोपी गेलेल्या फ्लॅशचा असतो.

मुलाचे डोळे

एका आखाड्यात मी स्टँड उभे करीत असताना तेथील प्रशिक्षकांनी मला थांबवले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उतरताना मूल गादीकडे बघतं. तेवढ्या वेळात त्याच्या डोळ्यांत काही जायला नको." प्रकाशाविषयी मी पुस्तकांतून जे वाचले होते, त्यापेक्षा हे वाक्य अधिक उपयोगाचे ठरले.

बालरोगतज्ज्ञ म्हणून पालक मला दोन शंका विचारतात. फ्लॅशने दृष्टीला कायमची इजा होते का, ही पहिली. काही मीटरवरील नेहमीच्या छायाचित्रणाच्या फ्लॅशने तसे होत नाही. दुसरी शंका फेफऱ्याची. प्रकाशसंवेदी अपस्मारात झटका आणणारा प्रकाश हा एखादी सुटी चमक नसून पुन्हा पुन्हा होणारी लुकलुक असते. सेकंदाला पंधरा ते पंचवीस वेळा लुकलुकणारा प्रकाश सर्वाधिक त्रासदायक ठरतो आणि हा विकार मुलांत व किशोरांत अधिक आढळतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागातील लाल-निळ्या लुकलुकीनंतर सुमारे ६८५ जणांना, बहुतांशी मुलांना, रुग्णालयात नेण्यात आले होते. म्हणून फ्लॅशवरील 'मल्टी' किंवा स्ट्रोबोस्कोपिक सोय मुलांसमोर वापरू नये, आणि एकामागून एक चित्रे घेण्याचा मोह आवरावा.

प्रत्यक्षातील मोठा धोका मात्र साधा आहे. मंद उजेडास सरावलेल्या डोळ्यांवर तीव्र प्रकाश सरळ पडला, की काही क्षण दृष्टीच्या मध्यभागी डाग दिसत राहतो. जमिनीवर उभ्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. डोके खाली, पाय वर, एका अढीच्या आधारावर असलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र तेच क्षण फार मोलाचे असतात. जिम्नॅस्टिक्सच्या मोठ्या स्पर्धांत फ्लॅशला मनाई असते, ती याच विचाराने.

यावर आम्ही प्रशिक्षकांशी बोलून काही नियम ठरवले, ते असे. अधिकृत स्पर्धेत पंच आणि आयोजक यांच्या स्पष्ट परवानगीवाचून फ्लॅश लावायचा नाही. एरवी केवळ सरावाच्या वेळी. फ्लॅश खेळाडूच्या मागच्या बाजूस किंवा काटकोनात आणि उंचावर ठेवायचे. मूल ज्या दिशेस तोंड करून उतरते, त्या दिशेस एकही नाही. शक्ती एक-अष्टमांशाहून अधिक नाही. प्रत्येक मुलाला जमिनीवर उभे करून दोन-तीन वेळा फ्लॅश चमकवून दाखवायचा, आणि ज्याला तो नको वाटेल त्याची छायाचित्रे फ्लॅशविना घ्यायची. ज्या मुलास पूर्वी झटके आले आहेत, त्याच्या बाबतीत फ्लॅश मुळीच नाही. स्टँड गादीच्या कडेपासून किमान तीन मीटर दूर आणि प्रत्येकाच्या पायाशी वाळूची पिशवी. आई-वडिलांची संमती आधी घ्यायची आणि छायाचित्रे त्यांच्याच हाती द्यायची.

या नियमांकडे पाहिले, की ट्रिगरची निवड आपोआपच होते. फ्लॅश डोळ्यांपासून दूर ठेवायचे म्हणून रेडिओ हवा. शक्ती थोडी आणि ठरलेली असावी म्हणून हाताने चालणारा हवा. अनोळखी फ्लॅशने चमकू नये म्हणून ऑप्टिकल नको. पूर्वचमक नको म्हणून टीटीएल नको. आणि सराव चालू असताना गादीजवळ जावे लागू नये म्हणून दुरून शक्ती बदलता यावी. मुलांच्या सुरक्षेसाठी जे लागते, तेच चांगल्या चित्रासाठीही लागते, आणि सुदैवाने बाजारात तेच तुलनेने स्वस्त आहे.

खरेदीचा क्रम लावायचा झाल्यास मी प्रथम भक्कम स्टँड व वाळूच्या पिशव्या, मग चांगले सेल, त्यानंतर एक फ्लॅश व ट्रान्समीटर आणि जमेल तेव्हा दुसरा फ्लॅश असा लावीन. मंडळातील चार-पाच सदस्यांनी मिळून असा एक संच घेतला आणि तो आळीपाळीने आपापल्या भागातील आखाड्यांत नेला, तर कोणावरच भार पडणार नाही. ज्यांना यात रस असेल त्यांनी मला जरूर सांगावे. स्टँड कोठे उभे करायचे, हे मी आनंदाने दाखवीन. मुलांना कधी थांबवायचे, हे मात्र प्रशिक्षकांनाच विचारावे लागेल.